साठ जणांचे जेवण आणि गवारीचा भाव

यंदाची मे महिन्यातली बैठक तळेगाव ढमढेरे येथे झाली. बैठकीतले ठराव याच अंकात दुसरीकडे छापले आहेत. अग्रलेखात लिहायचे आहे ते बैठकीबद्दल नाही, बैठकीच्या रात्रीच्या जेवणाबद्दल. अग्रलेख जेवणावर लिहिण्याइतके दिवस फिरले का, असे कुणी विचारील. विचारावे. पण शेवटपर्यंत वाचून विचारावे.

बैठक मुद्दाम बाजाराच्या दिवशी ठेवली होती. शिरूर-दौंडची मंडळी बाजाराला येतातच, तेवढ्याच गाडीभाड्यात बैठक होते, हा एक हिशेब. दुसरा हिशेब असा, की मराठवाड्यातून आलेल्या कापूसवाल्या आणि ज्वारीवाल्या पाहुण्यांना हॉटेलातले तेलकट जेवण घालण्यापेक्षा बाजारातून जिन्नस आणून चुलीवर साधे जेवण करावे. साठ माणसे. भाकरी, गवारीची भाजी, पिठले, मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा आणि उन्हाळा म्हणून कैरीचे पन्हे. दुपारचे सत्र आटोपून, उन्हे जरा उतरल्यावर आम्ही चार-पाच जण पिशव्या घेऊन बाजारात गेलो. वेळ नदीत या दिवसांत पाणी शोधावे लागते. तापलेली धूळ आणि वरून बांधलेली फाटकी ताडपत्री, असा तो बाजार. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावचा उन्हाळी बाजार असतो तसाच.

गवार एका बाईंकडे चांगली मिळाली. कोवळी, गावरान, पोत्यावर पसरलेली, वर ओले फडके. बारा किलो असेल. भाव विचारला, ऐंशी रुपये म्हणाल्या. आमच्यातल्याच एकाने, ज्याने दोन तासांपूर्वी कापसाच्या भावावर टाळ्या घेणारे भाषण केले होते त्याने, सवयीने सांगितले, "साठ लावा मावशी, सगळीच घेतो."

बाईंनी आमच्या छातीवरच्या बिल्ल्यांकडे पाहिले. म्हणाल्या, "तुम्ही शेतकऱ्यांच्या मीटिंगची माणसं ना दादा? कापसाचा भाव वाढवून मागता, अन् माझ्या गवारीचा पाडता व्हय?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. त्या बाई काही चळवळीतल्या नव्हेत, कधी मोर्चात आलेल्या नाहीत. पण गेल्या कित्येक वर्षांत आमच्या कार्यकर्त्यांना इतक्या थोडक्यात कुणी परीक्षेला बसवले नव्हते.

आम्ही तिथेच, पोत्याच्या कडेला बसून हिशेब मांडला. शेतकी कॉलेजात आम्ही खर्चपत्रके पुष्कळ मांडली, ही सवय जात नाही. बारा किलो गवार तोडायला बाई आणि त्यांची सून दोघी पहाटेपासून रानात होत्या. गवारीची लव हाताला खाजते, शेंग एकेक खुडावी लागते, घाई करून चालत नाही. दोघींची मिळून एका बाईची पूर्ण रोजंदारी धरली तर साडेतीनशे. जीपचे जायचे-यायचे भाडे साठ. बाजाराची पावती वीस. आणि सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत बाजारात बसलेल्या बाईंचा स्वतःचा दिवस? तोही साडेतीनशेचाच, कारण त्या दिवशी दुसऱ्याच्या कांदा काढणीला गेल्या असत्या तर तेवढे मिळाले असते. झाले सातशेऐंशी. ऐंशीच्या भावाने सगळी गवार गेली तर हातात नऊशेसाठ. उरले एकशेऐंशी, आणि त्यात बी, खुरपणी, खत, फवारणी, विहिरीच्या तळातून ओढलेले पाणी आणि जमीन. साठच्या भावाने गेली तर हातात सातशेवीस. म्हणजे बी-पाणी सोडूनच द्या, नुसती तोडणी आणि विक्री धरली तरी साठ रुपयांचा तोटा.

बाजार समितीत माल विकून हमाली, तोलाई, भाडे कापता शेतकऱ्यालाच पदरचे पैसे द्यायची वेळ आली की आपण तिला उलटी पट्टी म्हणतो. उलट्या पट्टीवर आपण मोर्चे काढले. शिक्रापूरहून जो रस्ता चाकणला जातो त्याच चाकणला १९८० साली कांद्यासाठी शेतकरी रस्त्यावर बसले. पण गवारवाल्या बाईंना उलटी पट्टी देणारा त्या संध्याकाळी कुणी अडत्या नव्हता. आम्ही होतो.

बाईंना हा तोटा दिसत नाही, असे मात्र समजू नका. त्यांना तो दिसतो, पण त्या मोजत नाहीत, कारण तोडणीची आणि बसण्याची मजुरी त्यांनी कुणाला रोख दिलेली नसते. जी मजुरी रोख दिली नाही ती धरायची नाही, ही सवय घराघरात आहे आणि सरकारच्या दप्तरातही बराच काळ हीच ओढाताण चालली आहे. घरच्यांच्या श्रमाची किंमत धरायची की नाही, स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरायचे की नाही, यावरच हमीभावाचा सगळा वाद उभा आहे. पण विकायला बसलेल्या दिवसाचा रकाना आम्ही शिकलेल्या खर्चपत्रकात नव्हता. पीक काढले, पोते शिवले, की खर्च संपला असे ते पत्रक मानते. आठवडे बाजारात बसलेली बाई सांगते, की खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो.

गवार आम्ही ऐंशीनेच घेतली, सगळी. यात उपकार काही नाही. ज्याने साठ म्हटले होते त्याने पैसे मोजले, एवढाच काय तो दंड.

तेलाच्या पिशव्या घेतल्या त्या दुकानात मात्र आम्ही कुणीही भाव केला नाही. पिशवीवर छापलेला आकडा पाहिला आणि दिला. मीठ, बेसनाचे पाकीट, हळद, मोहरी, सगळे छापील किमतीने. ज्याने माल तयार केला त्याने किंमत छापली म्हणून ती मुकाट्याने द्यायची, आणि ज्याने गवार पिकवली त्याने किंमत सांगितली तर ती पाडायची. हा फरक कायद्याने केलेला नाही, आपल्या जिभेने केला आहे. कायद्याने केलेले फरक वेगळे आहेत आणि ते काही थोडे नाहीत. कांद्याचेच पाहा. त्या संध्याकाळी कांदा वीस रुपयांनी मिळाला, व्यापाऱ्याकडून, जाळीच्या पिशवीत. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली तरी शुल्क राहिलेच, आणि शेवटचे २० टक्के १ एप्रिल २०२५ ला गेले. या दीड-पावणेदोन वर्षांत ज्याने कांदा पिकवला आणि ज्याची चाळ सडली, त्याला शहरातल्या ताटातली कोशिंबीर स्वस्त ठेवण्यासाठी किती मोजावे लागले याची पावती कुणीच देत नाही. कापसाचेही तेच. ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ या काळात परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले गेले, नेमका आपला कापूस घरात येण्याच्या तोंडावर आणि वेचणीच्या दिवसांत. सरकार वरून भाव पाडते, आणि खाली बाजारात आपण एकमेकांचा.

आता ज्वारी. साठ माणसांना तीन भाकरींप्रमाणे एकशेऐंशी भाकरी, म्हणजे अठरा किलो. पाहुण्यांमध्ये निम्मे ज्वारीवाले, पण कुणाच्याही गाडीत ज्वारीचे पोते नव्हते. ती आम्ही धान्याच्या दुकानातून पंचेचाळीस रुपये किलोने घेतली आणि गिरणीत दळून आणली. दुकानदाराने विचारले, कुठली मंडळी? आम्ही गावे सांगितली. तो हसला. "तिकडं ज्वारी पेरत नाहीत का आता?" पेरतात, पण पूर्वीसारखी नाही. बहुतेक पाहुण्यांच्या घरी खरिपाची ज्वारी सोयाबीनने घालवली आहे. रब्बीची शाळू उरली आहे ती कडब्यासाठी आणि घरच्या भाकरीपुरती.

आजूबाजूच्या बाजारात फिरणारी निम्मी गिऱ्हाइकेही आपल्याच भागातली निघाली, हे सांगितलेच पाहिजे. सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला असलेली तरुण मुले, चार-चार जण मिळून एक खोली. बीडकडचा एक मुलगा आमच्या बोलण्यावरून आम्हांला ओळखून जवळ आला. घरी पाच एकर कोरडवाहू, सगळा कापूस. त्याच्या हातात अर्धा किलो टोमॅटो, पाव किलो मिरची आणि तयार चपात्यांचे पाकीट. भाकरी का नाही म्हणून विचारले तर म्हणाला, खोलीत कुणाला थापता येत नाही, आणि हॉटेलात भाकरी पंचवीस रुपयांना. त्याच्या बापाला कापसाचा भाव परवडत नाही आणि त्याला स्वतःला ज्वारीची भाकरी परवडत नाही. दोन्ही टोके एकाच घरात.

या पंचवीस रुपयांच्या भाकरीपाशी जरा थांबू. एक किलो पिठाच्या साधारण दहा भाकरी होतात, म्हणजे क्विंटलच्या हजार. हॉटेलच्या भावाने पंचवीस हजार रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा केंद्राने जाहीर केलेला आधारभाव क्विंटलला ३७४९ रुपये आहे, आणि तोही सरकारी खरेदी केंद्र उघडेल तिथे, उघडेल तेव्हा. भाकरीमागे पावणेचार रुपये ज्वारीवाल्याचे. उरलेले सव्वाएकवीस हॉटेलवाल्याने चोरले असे आम्ही म्हणत नाही. त्यात जळण आहे, जागेचे भाडे आहे, आणि मुख्य म्हणजे तव्यापुढे बसून भाकरी थापणाऱ्या बाईचा हात आहे. त्या हाताला बाजारात किंमत आहे. तोच हात आपल्या माजघरात वर्षानुवर्षे फुकट राबतो म्हणून आपल्याला त्याची किंमत कळत नाही.

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला, सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती. त्यातल्या माजघरशेतीचा अर्थ हाच, की शेतातला माल कच्चा विकून मोकळे होऊ नका, घराच्या माजघरात त्याला पुढचे रूप द्या आणि मग विका. आपण त्या वेळी टाळ्या वाजवल्या आणि गावी जाऊन पुन्हा पोती अडत्याकडे नेली. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे म्हणून पाळले, शहरात ज्वारीच्या पिठाची पाकिटे आणि ज्वारीचे पोहे दुकानात मांडले गेले. पाकिटावर नाव मात्र आपले नाही. हुरड्याचा धंदा तेवढा काही शेतकऱ्यांनी नीट ओळखला. पुण्याच्या आसपास थंडीत शहरातली माणसे हुरड्यासाठी रानात येतात आणि ताटाचे पैसे मोजून जातात. जो कणसातून दाणा मळून विकतो त्याला क्विंटलचा भाव मिळतो, जो तेच कणीस आगटीत भाजून चटणीबरोबर पुढे करतो त्याला ताटाचा.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, ज्वारी घरातून का गेली याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. गहू-तांदळाची सरकारी खरेदी आणि स्वस्त वाटप पिढ्यान्‌पिढ्या चालले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन आणि गहू दोन रुपये किलो केला, जानेवारी २०२३ पासून तो फुकट झाला. फुकटच्या गव्हापुढे ज्वारी पेरून, उपटून, कणसे मोडून, मळून घालणार कोण? गरिबाला धान्य मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. पण ते कुणाच्या भावाच्या बळावर मिळते, हे तरी ताटावर बसताना लक्षात असावे.

काही मंडळी म्हणतील, यावर उपाय झाला आहे, सरकारने शेतकऱ्यांचे थेट बाजार काढले आहेत. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्यावरचे बाजार समितीचे नियमन उठवले आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले. त्याच वर्षी अरणच्या सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले, पुण्या-मुंबईत. हे चांगलेच झाले. १९६३ च्या कायद्याने घातलेल्या कुंपणात एक फाटक उघडले, त्याचे स्वागत आम्ही तेव्हाही केले, आजही करतो. पण त्या बाजारात पोचतो कोण? ज्याच्याकडे बारमाही पाणी आहे, टेम्पो आहे आणि घरात विकायला बसणारे मोकळे माणूस आहे तो. गवारवाल्या बाई बारा किलो घेऊन चाळीस किलोमीटरवरच्या पुण्यात जाणार नाहीत. आणि कापूस टोपलीत घालून कुठल्याच आठवडे बाजारात बसता येत नाही. १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे तर एकाधिकार खरेदीच्या नावाखाली तो दुसऱ्या कुणाला विकायचीच बंदी होती. तेव्हा कुणी मंत्री उठून म्हणाला, की थेट बाजार दिला, आता भावाचे रडगाणे नको, तर त्याला सांगा, की थेट बाजार भाजीला बरा, पण कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्षाचे पोट कापूस-ज्वारीवर चालते आणि त्याचे उत्तर टोपलीत नाही.

तळेगावच्या त्या बाजारातसुद्धा पिकवणारा विक्रेता शोधावाच लागला. बरीचशी भाजी पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डातून टेम्पोने आलेली. आपल्याच तालुक्यातून रात्री तिकडे गेलेला माल सकाळी त्याच रस्त्याने परत येत असेल तर नवल नाही. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटरचे डिझेल, दोनदा हमाली, आणि तीच मिरची. आम्हांला मिरची आणि कोथिंबीर एका शेतकऱ्याकडे मिळाली, कैऱ्या एका म्हाताऱ्या बाबांकडे, बांधावरच्या एका झाडाच्या. बाकी सगळे व्यापाऱ्याकडून. साठ जणांच्या जेवणाला सगळे मिळून ४१०० रुपये लागले, ताटामागे अडुसष्टच्या आसपास. त्यातले १३८० थेट पिकवणाऱ्याच्या हातात पडले. तिसरा हिस्सा. मुद्दाम शोधत हिंडूनसुद्धा तिसरा हिस्सा.

आणखी एक गोष्ट त्या संध्याकाळी दिसली. पाच वाजेपर्यंत मेथी वीस रुपये जुडी होती, सात वाजता दहाला दोन. गिऱ्हाईक खूश. पण तो भाव विक्रेत्याच्या मर्जीने उतरलेला नव्हता. शेवटची जीप निघायची होती, आणि बेचाळीस अंशांत दिवसभर तापलेली मेथी उद्या गुरांनीही खाल्ली नसती. पालेभाजी तोडल्यावरही श्वास घेत असते, उष्णता वाढली की हा श्वास दुप्पट-तिप्पट वेगाने चालतो आणि भाजी स्वतःलाच खाऊन संपते. आमचे सोसायटीचे देणे आणि तिची शेवटची जीप, गोष्ट एकच. थांबण्याची ताकद नसेल त्याला भाव सांगता येत नाही. भाजीपुरता यावर एक स्वस्त उपाय आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विटा-वाळूचा विनाविजेचा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मधल्या तीन इंचांत नदीची वाळू, सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी, वरून ओल्या पोत्याचे झाकण, आणि उन्हासाठी छप्पर. कोरड्या हवेत आतले तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंश कमी राहते, भाजी दोन-तीन दिवस जास्त टिकते. ज्या गावात पिण्याला टँकर येतो तिथे हे सांगताना आम्हांला संकोच वाटतो. पण जिथे विहिरीला दोन घागरी पाणी आहे तिथे चार-पाच बायांनी मिळून एक बांधून पाहावा. मोजमाप हवे असेल त्यांनी बैठकीत विचारावे, आम्ही कागदावर काढून देऊ.

रात्री जेवणे झाली. पन्हे सगळ्यांत आधी संपले. भाकरी तळेगावच्याच पाच मायबहिणींनी थापल्या. त्यांची मजुरी काय द्यायची यावर आमच्यात थोडी कुजबुज झाली, कारण आजवर अशा बैठकींत ती कधी दिलीच नव्हती. घरचेच कार्य म्हणून चालून जायचे. गवारीच्या हिशेबानंतर ते तोंडाने म्हणवेना. प्रत्येकीला साडेतीनशे दिले. घेताना दोघींनी आढेवेढे घेतले, एकीने सरळ मोजून घेतले. ही रक्कम वरच्या ४१०० मध्ये धरलेली नाही. धरली तर ताट शंभराच्या जवळ जाते आणि तोच खरा भाव आहे.

यापुढच्या जिल्हा बैठकींसाठी असे ठरले आहे. जेवणाचा माल शक्यतो पिकवणाऱ्याकडून घ्यायचा, आठ दिवस आधी सांगून, म्हणजे त्याला बाजारात बसावे लागणार नाही. भाव तो सांगेल, आपण भाव करायचा नाही. परवडत नसेल तर जिन्नस बदलायचा, भाव पाडायचा नाही. भाकरी करणाऱ्या बायांची मजुरी खर्चात धरायची. आणि सगळा खर्च दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात वाचून दाखवायचा, त्यात पिकवणाऱ्याच्या हाती किती गेले ते वेगळे सांगायचे. जे पाहुणे ज्वारीवाले आहेत त्यांनी येताना घरची ज्वारी आणावी, फुकट नव्हे, विकत द्यायला. पुढच्या बैठकीची अठरा किलो ज्वारी पाबळकडच्या एका सभासदाने द्यायची कबूल केली आहे, भाव त्याने अजून सांगितलेला नाही. मोठ्या परातींची सोय मात्र व्हायची आहे. तळेगावात या वेळी दोनच मिळाल्या आणि पाच जणींना पीठ मळायला वाट पाहावी लागली.